बडोद्याची वाडी: प्रेमानंदाच्या दंतकथा आणि लोककथेची साक्ष

जुन्या बडोद्यातील एका वस्तीचे नाव ‘वाडी’ असे आहे. मराठीत वाडी म्हणजे लहान वस्ती आणि कोकणपट्टीत नारळी-पोफळींची बागही. गुजरातीत मात्र वाडी म्हणजे प्रामुख्याने बाग किंवा पाण्याखालचे शेत. ज्ञातीच्या जेवणावळींची वास्तूही तेथे वाडीच म्हणवते. मध्ययुगीन गुजराती आख्यानकवी प्रेमानंद भट्ट यांचे नाव परंपरेने याच वस्तीशी जोडले जाते.

प्रेमानंदांचा काळ प्रामुख्याने सतराव्या शतकाचा उत्तरार्ध. गायकवाडांची सत्ता बडोद्यात १७३४ मध्ये स्थिरावली. म्हणजे मराठी राजवट येण्यापूर्वीच हा कवी या नगरीचा झाला होता. ‘नळाख्यान’, ‘ओखाहरण’, ‘सुदामाचरित्र’ आणि ‘कुंवरबाईनुं मामेरुं’ ही त्यांची प्रसिद्ध आख्याने. चैत्र महिन्यात ओखाहरण वाचण्याची प्रथा गुजराती घरांत आजही आढळते.

माणभट्टांची कला

प्रेमानंद हे ‘माणभट्ट’ होते. माण म्हणजे अरुंद तोंडाचा, फुगीर पोटाचा तांब्याचा मोठा घडा. बोटांत अंगठ्या घालून त्यावर ताल धरायचा आणि पुराणातील कथा गात, अभिनय करीत श्रोत्यांना सांगायची, असा हा प्रकार. या कथेकऱ्यांना ‘गागरिया भट्ट’ असेही म्हणतात. आपल्याकडील नारदीय कीर्तनकार उभा राहून चिपळ्या वाजवतो. माणभट्ट बैठक मारून घडा समोर ठेवतो. साधने वेगळी असली तरी रात्रभर श्रोत्यांना खिळवून ठेवण्याचे काम दोघांचे एकच.

पागोट्याची प्रतिज्ञा

प्रेमानंदांविषयीची सर्वांत गाजलेली दंतकथा पागोट्याची आहे. गुजराती भाषेला संस्कृतच्या तोडीची प्रतिष्ठा मिळेपर्यंत डोक्यावर पागोटे घालणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली होती, असे सांगतात. या कथेला समकालीन लेखी आधार नाही. तरीही ती टिकली, कारण स्वभाषेच्या अभिमानाला तिने एक चेहरा दिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा अभिमान आणखी पुढे गेला. बडोदे संस्थानाच्या आश्रयाने निघालेल्या ‘प्राचीन काव्यमाला’ या मालेच्या काळात प्रेमानंदांच्या नावावर तीन नाटकेही प्रसिद्ध झाली. त्यांची भाषा आणि रचना पाहून नरसिंहराव दिवेटिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांच्या प्राचीनत्वावर आक्षेप घेतले. ही नाटके प्रेमानंदांची नव्हेत, हे मत पुढे रूढ झाले.

असे इतरत्रही घडले आहे. आयर्लंड व स्कॉटलंड यांच्या सामाईक गेलिक वीरकथांचा धागा घेऊन जेम्स मॅकफर्सन याने १७६० च्या दशकात ‘ओसियन’ या प्राचीन कवीची काव्ये म्हणून आपलीच बरीचशी रचना युरोपपुढे ठेवली. मूळ कथा खऱ्या परंपरेतील होत्या. मात्र कोणाकडून काय ऐकले आणि स्वतः काय रचले, याची चोख नोंद नसल्याने वाद दीर्घकाळ चालला.

आयर्लंडमधील शाळांचा धडा

पुढे आयर्लंडने या प्रश्नावर साधा उपाय केला. १९३५ मध्ये तेथे लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील ५० हजारांहून अधिक मुलांनी आजी-आजोबा व शेजारीपाजारी यांच्याकडून कथा, म्हणी, औषधोपचार, सणांच्या चालीरीती, स्थाननामांच्या आख्यायिका वह्यांत उतरवल्या. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव यांचीही नोंद अनेक ठिकाणी केली गेली. सुमारे ७ लाख ४० हजार पानांचा हा संग्रह आज डब्लिन विद्यापीठ महाविद्यालयाकडे असून त्यातील मोठा भाग संगणकावर खुला आहे.

बडोद्यातील मराठी घराण्यांपाशीही अशा कथा आहेत. ‘गायकवाड’ या आडनावाचीच आख्यायिका घ्या: किल्ल्याजवळून कत्तलीसाठी नेल्या जाणाऱ्या गाई घराण्याच्या पूर्वजाने कवाडाआड घेऊन वाचवल्या, म्हणून गाय आणि कवाड मिळून हे नाव पडले, असे सांगतात. ती व्युत्पत्ती म्हणून सिद्ध होवो वा न होवो, त्या घराण्याने स्वतःला कसे पाहिले याची ती साक्ष आहे.

दंतकथा खरी की खोटी, एवढाच प्रश्न विचारला तर तिचे अर्धे मोल हातचे जाते. ती कोणी, केव्हा, कोणाला सांगितली, हे टिपून ठेवले तरच पुढच्या पिढीला परंपरा आणि बनावट यांतील फरक ओळखता येतो. वाडीतल्या प्रेमानंदांबाबत ही नोंद नसल्यानेच भाषेच्या पोतावरून निवाडा करावा लागला. गोमंतकातील वाड्यावाड्यांवरच्या ग्रामदेवतांच्या, राखणदारांच्या कथांनाही हेच लागू पडते. त्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याची गरज नाही; एक वही, सांगणाऱ्याचे नाव आणि ऐकल्याची तारीख पुरेशी आहे.