मालगुंडमध्ये मुक्काम : हॉटेलची खोली की वाडीतलं घर?

गणपतीपुळ्याचं दर्शन झालं की बहुतेक गाड्या परत रत्नागिरीकडे वळतात. जयगडच्या दिशेने दोन-तीन किलोमीटर पुढे गेलं की मालगुंड लागतं. समुद्र तोच, पण गर्दी बरीच कमी. कवी केशवसुतांचा जन्म १८६६ मध्ये याच गावात झाला.

घरगुती मुक्काम म्हणजे काय?

आजूबाजूला नारळ-पोफळी आणि हापूसच्या बागा, मध्ये घर आणि घराला लागून पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या. घरचेच लोक स्वयंपाक करतात. सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी सोलकढी आणि आधी सांगितलं तर उकडीचे मोदक. अशा घरांसाठी राज्याच्या पर्यटन विभागाची ‘न्याहारी व निवास’ योजना आहे. खोली घेताना या योजनेतली नोंदणी आहे का, ते विचारता येतं.

नाशिकला द्राक्षं, इथे हापूस

नाशिकला द्राक्षमळ्यात राहून वाइन चाखायला लोक जातात. द्राक्षाला कोरडी हवा लागते. कोकणचा धो-धो पाऊस त्याला मानवत नाही. इथे जांभ्या दगडाच्या जमिनीवर हापूस वाढतो. कोकणातल्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पण हापूस भरवशाचा नाही. मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस आला, ढगाळ हवा राहिली किंवा तुडतुडे पडले, तर वर्षाचं उत्पन्न हातचं जातं. फवारणी आणि राखणीचा खर्च मात्र झालेलाच असतो. अशा वर्षी पाहुण्यांच्या खोल्यांचं भाडं घराला आधार देतं. बागेतला आंबा थेट पाहुण्याने विकत घेतला, तर दलालाचा वाटाही वाचतो.

कधी जावं?

आंब्यासाठी एप्रिल-मे, पण तेव्हा उकाडा आणि गर्दी दोन्ही असतात. शांतपणा हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. अंगारकीच्या आसपास गणपतीपुळ्यात प्रचंड गर्दी होते, त्यामुळे तारीख आधी पाहावी.

खोली ठरवण्याआधी हे विचारा

• जेवण शाकाहारीच आहे का? अनेक घरांत मासे शिजत नाहीत.
• जेवण भाड्यात धरलंय की वेगळं?
• वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का?
• समुद्र चालत किती मिनिटांवर आहे? ‘जवळच’ या शब्दावर जाऊ नये.
• बागेत फिरायला आणि आंबा विकत घ्यायला मिळेल का?

बाकी वेळ कसा घालवावा?

केशवसुतांचं घर आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं त्यांचं स्मारक गावातच आहे. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. उत्तरेला जयगडचा किल्ला आहे. रत्नागिरीहून येताना आरे-वारेचा किनाऱ्यालगतचा रस्ता घ्यावा.

समुद्राबद्दल

या किनाऱ्यावर पोहताना पर्यटक बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. वाळू पायाखालून सरकते आणि परतणारी लाट माणसाला आत ओढते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे आवरत नाही. पाण्यात उतरण्याआधी घरमालकाला भरती-ओहोटीची वेळ विचारावी. तो ‘आज नको’ म्हणाला, तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसूनच समुद्र बघावा.