लास व्हेगासमधलं ते व्याख्यान

१९८३ साल. लास व्हेगासमध्ये अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञांचं अधिवेशन. जाइल्स ब्रिंडली हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चक्क ट्रॅकसूट घालून बोलायला उभे राहिले. शिश्नात स्नायू सैल करणारं औषध टोचलं, तर मनात काहीही नसताना ताठरता येते, हा त्यांचा दावा. स्वतःवरच्या प्रयोगांच्या स्लाइड्स दाखवल्या. पण फोटो काढताना मनात काय होतं, कुणास ठाऊक! म्हणून साहेब हॉटेलच्या खोलीतूनच इंजेक्शन घेऊन आले होते. भर सभेत ट्रॅकसूट खाली केला आणि 'खात्री करून घ्या' म्हणत श्रोत्यांकडे निघाले. पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या म्हणे.

हसू येतंच. पण तोवर नपुंसकता म्हणजे बहुतेक वेळा मनाचाच आजार, असं समजलं जाई. ब्रिंडलींनी दाखवलं की हा रक्ताच्या नळांचाही मामला आहे.

गंमत अशी की ताठरता येते ती स्नायू सैल पडल्यामुळे! एरवी हे स्नायू आवळलेले असतात, म्हणजे झडप डीफॉल्ट बंदच. उत्तेजना आली की ते ढिले होतात, रक्त आत भरतं, आणि त्या दाबाने बाहेर जाणाऱ्या शिरा दबतात. भीतीने, ताणाने झडप पुन्हा आवळते. कुत्र्याच्या ठरावीक नसा चेतवून ताठरता आणता येते, हे एकहार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्येच दाखवलं होतं. पण त्या नसा स्नायूंना निरोप कशाने देतात? नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूने, हे कळायला १९९० उजाडलं.

मग आलं १९९८. मार्चमध्ये व्हायग्राला अमेरिकेत मंजुरी मिळाली. मुळात हे औषध हृदयविकारासाठी तपासलं जात होतं. ते इच्छा निर्माण करत नाही, आलेला निरोप फक्त लवकर पुसू देत नाही. ऑक्टोबरमध्ये नायट्रिक ऑक्साइडच्या संशोधनाला नोबेल जाहीर झालं. आणि शिश्निकेचा बराचसा भाग शरीराच्या आत असतो, हे हेलन ओकॉनेल यांनी नीट मांडलं तेही त्याच वर्षी. बायकांच्या शरीराकडे बघायला विज्ञानाला एवढा उशीर!

एसटी स्टँडच्या मुतारीतल्या 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'च्या जाहिराती वाचत आमची पिढी मोठी झाली. तिथल्या वैदूकडे लोक गुपचूप जातात, डॉक्टरकडे नाही. खरं तर शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधीकधी तिथे आधी दिसतो आणि हृदयात नंतर. लाजेपायी ती पूर्वसूचनाच वाया जाते. ब्रिंडलींइतकं धाडस नको हो, डॉक्टरसमोर तोंड उघडलं तरी पुरे!