आठ मैलांवरचा शेजार

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांच्या सीमेवर, पलूस नावाचा मुलूख आहे. आपल्या सांगलीकडच्या पलूसशी त्याचं नावापलीकडे काही नातं नाही. लाटांसारख्या टेकड्या आणि त्यांवर नजर पोचेल तिथपर्यंत गहू, असा हा प्रदेश. त्यात पुलमन आणि मॉस्को ही दोन गावं आठ मैलांच्या अंतरावर आहेत. पुलमनला वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ, मॉस्कोला आयडाहो विद्यापीठ. मधून राज्याची सीमा जाते. १९३८ पासून पुढची तीसेक वर्षं या दोन गावांत एक रीत होती. फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा, चेंडू हातात धरून पळायच्या खेळाचा) सामना संपला की हरलेल्या बाजूच्या विद्यार्थ्यांनी जिंकलेल्यांच्या गावापर्यंत पायी जायचं आणि जिंकलेल्यांनी त्यांना गाडीत घालून परत आणून सोडायचं. पायपीट बहुतेक वेळा आयडाहोच्याच वाट्याला येई. १९५४ साली मात्र आयडाहोनं हा सामना २९ वर्षांत पहिल्यांदा जिंकला आणि पुलमनचे सुमारे दोन हजार विद्यार्थी मॉस्कोच्या रस्त्याला लागले. त्याची बातमी देशभर झाली.

त्या वर्षी ही दोन्ही विद्यापीठं एकाच कॉन्फरन्समध्ये होती. कॉन्फरन्स म्हणजे ठरावीक विद्यापीठांचा गट: वर्षाचं वेळापत्रक, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम आणि उत्पन्नाची वाटणी गटात ठरते. गेली काही वर्षं हे गट मोडून नव्यानं जुळवण्याचा सपाटा चालला आहे. त्यावर सर्वसाधारण मत असं, की दूरचित्रवाणीचा पैसा वाढला, हाव सुटली आणि जुनी घडी विस्कटली. मला हे निदान अर्धंच पटतं. पलूसच्या या दोन गावांचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर दोन गोष्टी दिसतात. या खेळात विद्यापीठाचं लहान-मोठेपण ठरतं ते संघावरून नव्हे, संघ ज्या गावात आहे त्या गावावरून. आणि पंगतीतून उठवलेला प्रत्येक जण आपला पाट परत मिळवतो तो आपल्याहून लहान कुणाला तरी उठवून.

डिसेंबर १९१५ मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स स्थापली: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि ओरेगनचं शेतकी कॉलेज, म्हणजे आजचं ओरेगन स्टेट. वॉशिंग्टन स्टेट लगोलग आलं, मग स्टॅनफर्ड. १९२२ मध्ये आयडाहो आणि यूएससी, १९२४ मध्ये मोंटाना, १९२८ मध्ये यूसीएलए. यूएससी आणि यूसीएलए ही दोन्ही लॉस एंजेलिसची. तो रेल्वेचा काळ होता. संघ आगगाडीनं जायचे आणि मधल्या वारी विद्यार्थ्यांना वर्गात बसायचं असायचं. तेव्हा एका दिशेनं निघून परत येता येईल एवढ्या टापूतल्या मंडळींनी एकत्र यावं, हा साधा हिशेब होता. मात्र लॉस एंजेलिससारखं शहर आणि मॉस्कोसारखं खेडं एका हिशेबात बसवलं, तिथेच पुढच्या भांडणाचं बी पडलं. लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये लाखभर प्रेक्षक मावत. आयडाहोच्या लाकडी गॅलऱ्या त्याच्या पासंगालाही पुरत नव्हत्या. कॅलिफोर्नियाच्या संघांना मॉस्कोला जाणं म्हणजे पदरचे पैसे घालून वारी करण्यासारखं होतं, म्हणून ते शक्यतो जातच नसत.

१९५६ च्या सुमाराला खेळाडूंना चोरून पैसे देण्याची प्रकरणं उघडकीला आली. त्यात वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, यूसीएलए आणि यूएससी ही कॉन्फरन्समधली बडी नावं होती. दंड झाले, बंदी आली, एकमेकांवर दोषारोप झाले आणि १९५९ मध्ये कॉन्फरन्स विसर्जित झाली. त्याच वर्षी पाच विद्यापीठांनी नवा गट काढला. त्यातली चार म्हणजे वर सांगितलेली दंड भरलेली मंडळी आणि पाचवं स्टॅनफर्ड. नियम कडक हवेत म्हणणारी वायव्येकडची गावं दाराबाहेर राहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते हे असं. त्याच सुमाराला या बड्यांच्या गटात आणखी एक कल्पना घोळत होती: पूर्वेकडची नोत्र दाम, पेन स्टेट, सिराक्यूज यांसारखी विद्यापीठं आणि लष्कराच्या अकादम्या यांना घेऊन किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत पसरलेला गट करायचा. जेट विमानं नुकतीच आली होती, म्हणून लोक त्याला ‘एअरप्लेन कॉन्फरन्स’ म्हणत. पेंटॅगॉननं अकादम्यांना मोडता घातला आणि बेत बारगळला. म्हणजे २०२४ चा नकाशा १९५९ मध्येच कागदावर होता. तो पुरा करायला लागणारा पैसा तेवढा नव्हता.

दाराबाहेर राहिलेल्यांपैकी वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये आत घेतलं, दोन्ही ओरेगनांना १९६४ मध्ये. आयडाहोला बोलावणं कधीच आलं नाही. खेळ कमी पडला म्हणून, असं कुणी म्हणेल आणि ते सपशेल खोटं नाही. जुन्या कॉन्फरन्समध्ये आयडाहो बहुतेक वर्षं तळाशी असायचं. पण मग वॉशिंग्टन स्टेट आत जाऊन स्थिरावत असताना, १९६४ आणि १९६५ असं लागोपाठ दोन वर्षं, याच आयडाहोनं त्याला हरवलं, ते कोणत्या खात्यात घालायचं? वॉशिंग्टन स्टेटजवळ एक गोष्ट होती जी आयडाहोजवळ नव्हती: त्याच्या राज्यात सिएटलसारखं मोठं शहर होतं. पुलमन मॉस्कोइतकंच आडवळणाला, पण त्याचे माजी विद्यार्थी, प्रेक्षक आणि आमदार मोठ्या राज्यातले. आठ मैलांत नशीब बदललं ते एवढ्यानं.

दूरचित्रवाणीला दोष देणाऱ्यांनी १९५९ चा हा प्रसंग आधी विचारात घ्यावा. त्या काळी प्रक्षेपण एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या मुठीत होतं. कुणाचा सामना किती वेळा दाखवायचा यावर तिची मर्यादा होती. तरीही लहानाला उठवलं गेलं. अर्थात १९८४ नं फरक पडला नाही असं म्हणणं हा दुसऱ्या टोकाचा हट्ट होईल. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी एनसीएएला कोर्टात खेचलं आणि जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली. निकालपत्रात एक उदाहरण आहे. १९८१ च्या एका शनिवारी ओक्लाहोमा आणि यूएससी यांचा सामना दोनशेहून जास्त केंद्रांवरून दिसला, तर सिटाडेल आणि ॲपलॅचियन स्टेट यांचा चार केंद्रांवरून. आणि चारही संघांना पैसे मात्र सारखेच मिळाले. न्यायालयाला हा बाजाराचा विपर्यास वाटला. सिटाडेलसारख्यांच्या बाजूनं पाहिलं तर लहान संघांना जगवणारी ती एकमेव तरतूद होती. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडोचे नामांकित फुटबॉलपटू होते. शिक्षणसंस्थांच्या खेळाला निव्वळ बाजाराचं माप लावू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. खेळ आतून माहीत असलेला माणूस अल्पमतात गेला.

पुढचं सगळं त्या निकालाच्या उतारावरून घरंगळत आलं. गंमत अशी, की बारा संघ असतील तर कॉन्फरन्सला अंतिम सामना भरवण्याची मुभा देणारा नियम पेनसिल्व्हेनियातल्या लहान सरकारी कॉलेजांच्या सोयीसाठी केलेला होता. १९९२ मध्ये दक्षिणेकडच्या एसईसी या बलाढ्य गटानं दोन विद्यापीठं नव्यानं घेऊन बारा भरवले, तो नियम उचलला आणि अंतिम सामन्याचं सोनं केलं. टेक्सासची साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये संपली. चार विद्यापीठं बिग ट्वेल्व्ह या नव्या गटात गेली आणि राइस, टीसीयू, एसएमयू, ह्यूस्टन मागे उरली. त्यातल्या एसएमयूची परतफेरी बोलकी आहे. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सनं त्याला आत घेतलं ते २०२४ मध्ये, आणि तेही नऊ वर्षं प्रक्षेपणाच्या पैशातला वाटा मागणार नाही या बोलीवर. डॅलससारखं शहर आणि श्रीमंत माजी विद्यार्थी पाठीशी असले तर पाट असा विकत घेता येतो.

मग पॅसिफिक किनाऱ्याची पाळी आली. १९५९ चा तो गट आता वाढत वाढत बारा संघांची पॅक-ट्वेल्व्ह झाला होता. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलएनी बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. बिग टेनचा गाभा शिकागोच्या आसपासचा. आता तिच्यात लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंतचे संघ आहेत. वर्षभरानं कोलोरॅडो बाहेर पडलं. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोनाची दोन आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे गेली. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही पॅसिफिककाठची विद्यापीठं अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये सामील झाली. भूगोलाच्या मास्तरांनी कपाळावर हात मारावा असा हा प्रकार. बारांपैकी दोघं उरली: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. पुलमनचं तालुक्याचं कोर्ट म्हणावं असं कोलफॅक्सचं न्यायालय. तिथे या दोघांनी दावा लावला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉन्फरन्सच्या कारभाराचा ताबा मिळवला. जाणाऱ्या दहांना तडजोडीत साडेसहा कोटी डॉलर सोडावे लागले. घर रिकामं झालं, किल्ल्या आणि तिजोरी तेवढी हाती आली.

इथे गुणवत्तेचा आक्षेप पुन्हा येतो: बाजार निष्ठुर असेल, पण चांगल्या संघाला तो विचारतोच. पुरावा उलटा आहे. गट मोडल्यावर महिन्याभरात वॉशिंग्टन स्टेटनं पुलमनमध्ये बिग टेनच्या विस्कॉन्सिनला हरवलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, आदल्या मोसमात राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या वॉशिंग्टनलाच २४-१९ असं हरवलं. जागेवर त्याचा काही परिणाम झाला नाही. याहून स्पष्ट उदाहरण आयडाहो राज्यातच आहे. १९८२ ते १९९३ अशी लागोपाठ बारा वर्षं आयडाहोनं बॉइझी स्टेटला हरवलं. १९९६ मध्ये दोघं एकाच वेळी वरच्या श्रेणीत चढले. बॉइझी ही राज्याची राजधानी, वाढतं शहर. तो संघ पुढे देशभर गाजला. जानेवारी २००७ मध्ये त्यानं ओक्लाहोमाला ४३-४२ असं हरवलं तो सामना लोक अजून आठवतात, आणि त्या खेळाचं श्रेय शहराला देण्याइतका मी अडाणी नाही. पण शहरानं त्या खेळाला पाया दिला. आयडाहो एका गटातून दुसऱ्या गटात भटकत राहिलं. शेवटी जॉर्जिया, अलाबामा, लुइझियानातल्या संघांच्या सन बेल्ट गटात पोचलं. २०१६ मध्ये त्यांनीही करार वाढवायला नकार दिला आणि २०१८ मध्ये आयडाहो आपणहून खालच्या श्रेणीत उतरलं. असं करणारं ते पहिलंच विद्यापीठ.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: विद्यापीठ शिकण्यासाठी असतं, फुटबॉल गेला तर काय बिघडलं? शिकागो विद्यापीठ बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. १९३९ मध्ये त्यानं फुटबॉल बंद केला, १९४६ मध्ये कॉन्फरन्सही सोडली आणि त्याच्या विद्वत्तेला बाधा आली नाही. खरंच आहे. पण शिकागो आपल्या मर्जीनं उठलं, आणि मोठ्या शहरात राहून उठलं. पुलमनमध्ये फुटबॉलचं उत्पन्न इतर खेळांना पोसतं. केनियाच्या हेन्री रोनोनं १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले तेव्हा तो वॉशिंग्टन स्टेटचा विद्यार्थी होता. जून २०२५ मध्ये त्याच विद्यापीठानं ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकीचे प्रकार बंद करून फक्त लांब पल्ल्याच्या धावण्यावर भर द्यायचं ठरवलं. कॉन्फरन्सच्या घडामोडीचा फटका भाला फेकणाऱ्या मुलीला बसतो तो असा. फुटबॉलचा कॅमेरा तिच्याकडे कधी वळलेलाच नसतो. खाली उतरणं हाच नाश, असंही मात्र नाही. मोंटानानं १९५० मध्येच पॅसिफिक कोस्ट सोडली, १९६३ मध्ये डोंगराळ राज्यांतल्या शेजाऱ्यांना घेऊन बिग स्काय उभारण्यात भाग घेतला आणि ते तिथेच रमलं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यानं सिएटलला जाऊन वॉशिंग्टनला १३-७ असं हरवलंसुद्धा. लहान विद्यापीठाला शिडीवरच्या पायरीपेक्षा शेजार जास्त उपयोगी पडतो.

वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट यांनी यातून काय घेतलं? डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी माउंटन वेस्ट या डोंगराळ राज्यांच्या गटाशी एका मोसमाचे सामने ठरवले. आमचे संघ पळवलेत तर दंड भरावा लागेल, हे कलम त्या करारात होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी आपली रिकामी पॅक-ट्वेल्व्ह भरायला त्याच गटातून बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि सॅन डिएगो स्टेट, मागोमाग युटा स्टेट, अशी पाच विद्यापीठं उचलली. दंडाची रक्कम साडेपाच कोटी डॉलरवर गेली तेव्हा ते कलमच बेकायदेशीर आहे म्हणून स्वतः सही केलेल्या करारावर दावा ठोकला. त्यांना दुष्ट म्हणता येत नाही. बुडणारा हाताला येईल ते धरतो. मागे राहिली वायोमिंग, नेवाडा, न्यू मेक्सिको. वायोमिंग विद्यापीठाच्या लॅरमीसारख्या गावाला आता १९५९ च्या मॉस्कोची जागा मिळाली आहे.

३० ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो पुलमनमध्ये पुन्हा भेटले. श्रेणीत एका पायरीचा फरक असूनही वॉशिंग्टन स्टेटला सामना जेमतेम १३-१० असा काढता आला. नव्या पॅक-ट्वेल्व्हचा आरंभ १ जुलै २०२६ चा. तिच्यात टेक्सासच्या सॅन मार्कस गावातलं टेक्सास स्टेट आहे, आठ मैलांवरचं मॉस्को नाही.