दोस्ती आणि तीन तासांचा रस्ता

आमच्या अकोल्याच्या घरी टीव्हीवर जुना हिंदी चित्रपट लागला, आणि त्यात गोल चेहऱ्याचा एक ठेंगणा माणूस हात हलके झुलवत नाचताना दिसला, की बाबा हमखास म्हणायचे, "हा आपल्या अमरावतीचा हाय बरं!" उतारवयातल्या त्या माणसाचं काम असायचं दोन-चार मिनिटांचं. पण बाबांच्या आवाजात घरचं कोणी भेटल्याचा आनंद असे.

तो माणूस म्हणजे भगवान आबाजी पालव, आपले भगवानदादा. चरित्रनोंदींत त्यांचा जन्म १९१३ चा आणि जन्मगाव अमरावती असं लिहिलेलं असतं. खरं पाहिलं तर अमरावतीच्या वाट्याला एवढंच आलं. वडील कापडगिरणीत कामगार, वाढ मुंबईच्या गिरणगावात. भगवानदादांनी स्वतःही मजुरी केली. डोक्यात मात्र सिनेमा होता, आणि सिनेमात डग्लस फेअरबँक्स. 'द मार्क ऑफ झोरो' (१९२०) आणि 'द थीफ ऑफ बगदाद' (१९२४) मधला हा हॉलिवूडचा नट भिंतींवरून, गच्च्यांवरून उड्या मारायचा. त्याच्याकडून भगवानदादांनी एक गोष्ट घेतली : आपली उडी आपणच मारायची. त्यांच्या मारधाडीच्या चित्रपटांत बदली माणूस नसे. पुढे राज कपूर त्यांना 'डग्लस' म्हणत, असं सांगतात.

फेअरबँक्सशी त्यांची ओळख पडद्यापुरती. जन्माची दोस्ती जडली ती राम नरहर चितळकर या माणसाशी. जग त्यांना सी. रामचंद्र म्हणतं. जन्म १९१८ चा, पुणतांब्याचा. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचं गाण्याचं शिक्षण झालं, म्हणून विदर्भालाही त्यांच्यावर थोडा हक्क सांगता येतो. नट व्हायला म्हणून ते सिनेमात आले, ते जमलं नाही, आणि मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागले.

दोघंही तेव्हा उमेदवारच. भगवानदादा कमी पैशांत, थोड्या दिवसांत स्टंटपट उरकणारे दिग्दर्शक. अशा चित्रपटांना बडा संगीतकार परवडत नसे, आणि पेटीवाल्या पोराला स्वतंत्र काम कोणी देत नसे. १९४१ मध्ये भगवानदादांनी मद्रासकडे 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपट केला, त्याला संगीत रामचंद्रांचं. १९४२ च्या 'सुखी जीवन'नं ते हिंदीत लोकांच्या नजरेत आले. त्याच वर्षी भगवानदादा जागृती पिक्चर्स काढून निर्माते झाले. १९४७ मध्ये चेंबूरला त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. आधी दादांनी मित्राला काम दिलं. मित्रानं परतफेड केली ती पुढे.

ती परतफेड म्हणजे 'अलबेला' (१९५१). मारामाऱ्या सोडून कौटुंबिक चित्रपट कर, हा सल्ला राज कपूरचा. नायिका गीता बाली, गीतं राजेंद्र कृष्ण यांची. बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट हे त्या गाण्यांत असे मिसळले, की आजही वरातीतला बँड ती गाणी सोडत नाही. आणि पडद्यावर भगवानदादा तोंड हलवतात तेव्हा ऐकू येणारा आवाज चितळकरांचा, म्हणजे खुद्द रामचंद्रांचाच. एकाचं अंग, दुसऱ्याचा गळा.

'अलबेला'चा नायक प्यारेलाल गरीब घरातून निघतो, नाव कमावतो, परततो तेव्हा आई गेलेली असते. त्यानं पाठवलेला पैसा घरापर्यंत पोचलेलाच नसतो. भगवानदादांचंही पुढे काहीसं असंच झालं. पैसा आला आणि राहिला नाही. 'झमेला' (१९५३) पडला, 'लाबेला' (१९६६) पडला. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला. आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या होत्या म्हणतात, त्याही गेल्या. दादा दादरच्या चाळीत राहायला आले, मिळतील ती छोटी कामं करत राहिले. बरेचसे सोबती पांगले. चाळीचा जिना चढून येत राहिले ते मोजके : ओमप्रकाश, राजेंद्र कृष्ण आणि सी. रामचंद्र.

४ फेब्रुवारी २००२ ला भगवानदादा दादरच्या घरीच गेले. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. मग बराच वेळ पेपर मांडीवर ठेवून बसले.

'अलबेला' त्यांनी कॉलेजात असताना, तो पुन्हा लागला तेव्हा, अमरावतीत पाहिला होता. सोबत त्यांचा अमरावतीचा मित्र. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दर दिवाळीला ते अकोल्याला येत, आमच्या अंगणात हात झुलवून भगवानदादांची नक्कल करत, आम्ही लोळून हसायचो. कापसाची अडत होती त्यांची. मी सातवीत असताना ती बुडाली. घर विकलं, दोन खोल्यांत बिऱ्हाड गेलं. ते येणं थांबलं. बाबाही गेले नाहीत. अकोला ते अमरावती, एसटीनं फार तर तीन तास.

"बाबा, तुम्ही कायले नाही गेले?" मी त्या दिवशी प्रथमच विचारलं.

"त्याले लाज वाटंन, असं वाटलं मले," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "नाही बापा. मलेच लाज वाटत होती. पैसे मागंन तं काय देऊ, याची."

रामचंद्र चाळीत जाताना काय घेऊन जात असतील? बुडालेला स्टुडिओ तर त्यांनाही परत आणता येणार नव्हता. पण ते जात होते. ५ जानेवारी १९८२ ला ते गेले, दादांच्या वीस वर्षं आधी. त्या वीस वर्षांत दादांना त्यांची वाट पाहायची सोयही उरली नव्हती.

आता कोणी भगवानदादांना 'आपला अमरावतीचा' म्हटलं की मला थोडं अवघडायला होतं. गावावर हक्क सांगायला फक्त तिथं जन्मावं लागतं. माणसावर हक्क सांगायला जिना चढावा लागतो.

त्या महिन्यात बाबा एकटेच अमरावतीला गेले. बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं, पुढे ऑटोनं. रात्री परतले तेव्हा मी विचारलं, काका काय म्हणाले?

"काही नाही," बाबा म्हणाले. "चहा मांडला. अन् म्हणे, उशीर केला रे."