जाळीच्या पडवीचा पूर्वेतिहास

टायबर नदी जेथे समुद्रास मिळते त्या ऑस्टियाच्या दलदलीत इ. स. १९०० च्या उन्हाळ्यात एक लाकडी झोपडी उभी राहिली. तिचे सुटे भाग इंग्लंडात तयार होऊन आले होते, आणि तिच्या दारांस व खिडक्यांस तारेची बारीक जाळी घट्ट ठोकलेली होती. लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांच्या योजनेनुसार डॉ. लुई सॅम्बन व डॉ. जॉर्ज लो हे टेर्झी नावाच्या एका चित्रकारासह तीत जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत राहिले. दिवसा त्यांनी वाटेल तेथे फिरावे, परंतु सूर्यास्तापूर्वी आत यावे व सूर्योदय होईपर्यंत बाहेर पडू नये. क्विनीनची पुडी घेऊ नये. खिडक्या मात्र रात्रभर उघड्या ठेवाव्यात, म्हणजे ज्या दूषित रात्रवाऱ्यास शतकानुशतके हिवतापाचे मूळ समजत आले तोच वारा त्यांच्या अंथरुणांवरून वाहता राहावा, असा त्या वास्तव्याचा शिरस्ता होता. आसपासची माणसे तापाने आडवी होत असता ही मंडळी धडधाकट राहिली. वाऱ्यास मज्जाव नव्हता, डासास होता. आणि दोष कोणाचा, हे त्यावरून ठरले.

आज आपण घरापुढील पडवीस किंवा सज्जास जाळी बसवितो ती सोय म्हणून. परंतु आरंभी ही जाळी एका सिद्धान्ताची कसोटी होती. सिकंदराबादेस ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाच्या जंतूंच्या गाठी दिसल्या, आणि पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवरील प्रयोगांत त्या जंतूचे संक्रमणचक्र त्यांनी पुरते उलगडले. तथापि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले सत्य माणसाच्या घरादारात खरे करून दाखविणे निराळे. ते काम इटलीने अंगावर घेतले. ज्या वर्षी ऑस्टियाची झोपडी उभी राहिली त्याच वर्षी जोव्हानी बात्तिस्ता ग्रासी यांनी दक्षिण इटलीतील कापाच्चोच्या मैदानात ११२ माणसांना तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत डासांपासून सुरक्षित ठेवले. त्यांतील अवघ्या ५ जणांना हिवताप झाला, आणि तुलनेसाठी घेतलेली ४१५ असंरक्षित माणसे मात्र सर्वच्या सर्व तापली.

क्यूबात त्याच वर्षाच्या अखेरीस झालेला प्रयोग तर याहूनही नेटका आहे. कार्लोस फिनले यांनी पीतज्वराचे खापर १८८१ सालीच डासावर फोडले होते, पण कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड यांनी हॅव्हानाजवळ एक छोटी लाकडी खोली बांधविली व तिच्या मधोमध जमिनीपासून आढ्यापर्यंत तारेच्या जाळीचा पडदा घातला. एका भागात रोग्यांचे रक्त प्यालेले डास सोडले. २१ डिसेंबर रोजी जॉन मोरन हा स्वयंसेवक त्या भागात जाऊन स्वस्थ पडला व डासांना दंश करू दिला, तर जाळीपलीकडे त्याच हवेत, त्याच छपराखाली दुसरे स्वयंसेवक निजले. नाताळच्या दिवशी मोरनला पीतज्वर झाला (सुदैवाने तो वाचला). जाळीपलीकडच्यांस काही झाले नाही. एका तारेच्या पडद्याने इतके निःसंदिग्ध उत्तर दिल्याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच.

ही जाळी आली कोठून, हेही सांगण्याजोगे आहे. कनेक्टिकट संस्थानातील जॉर्जटाउन गावी गिल्बर्ट, बेनेट आणि कंपनी हा चाळण्या विणण्याचा कारखाना होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि दक्षिणेकडील गिऱ्हाईक एकाएकी तुटल्यामुळे विणलेल्या तारेचे कापड पडून राहिले. तेव्हा त्यास करडा रंग देऊन खिडक्यांची जाळी म्हणून ते विकावे अशी युक्ती निघाली व मालाला उठाव मिळाला. त्या काळी रोख माश्यांवर होता. पुढे त्या देशाच्या उष्ण, दमट दक्षिण भागात घरापुढील पडवीच जाळीने बंद करण्याची रीत पडली, आणि संध्याकाळचे जेवण, गप्पा, मुलांची झोप, सारे पडवीत येऊन राहिले.

परंतु जाळीच्या पडवीची खरी परीक्षा झाली ती पनामात. १८८१ पासून ८ वर्षे तेथे कालवा खणू पाहणाऱ्या फ्रेंचांची माणसे हजारोंनी मेली. अँकॉनच्या टेकडीवर त्यांनी उत्तम इस्पितळ बांधले. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, बागेतील रोपांभोवती पाण्याची कडी केली, आणि खिडक्यांना जाळी नव्हती. रोग्याच्या उशाशीच डास पैदा होत होते, हे तेथे शुश्रूषा करणाऱ्या सेवाभावी जोगिणींना कळण्याचा काही मार्गच नव्हता. तो तपशील वाचताना आजही मन कळवळते. १९०४ मध्ये अमेरिकनांनी काम हाती घेतले तेव्हा हॅव्हाना स्वच्छ करून आलेले विल्यम गोर्गस आरोग्यखात्याचे प्रमुख झाले. पण कालव्याचा कारभार पाहणाऱ्या वरच्या कमिशनला डासांची गोष्ट पोरकट वाटे, आणि जाळीच्या मागण्या दप्तरी पडून राहत. १९०५ साली पीतज्वराची साथ उसळली, माणसे जहाजे भरभरून पळू लागली, आणि नवे मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यांनी गोर्गस मागतील ते देण्याचा हुकूम सोडला. तारेच्या जाळीच्या एकाच मागणीस ९०,००० डॉलरची मंजुरी मिळाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात पनामा शहरातील पीतज्वराचा शेवटचा बळी पडला.

तेथील घरांची बांधणी अभ्यासण्याजोगी आहे. घराभोवती रुंद पडवी ठेवून जाळी खिडकीला न लावता पडवीच्या बाहेरच्या रेषेवर लावीत. बारीक जाळी वाऱ्याचा काही वेग खाते, म्हणून खिडकीच्या लहान चौकटीत ती लावली की खोली कोंदते. तीच पडवीच्या सबंध लांबीरुंदीवर पसरली की वाऱ्यास प्रवेशाचे क्षेत्र मोठे मिळते आणि आतील दारेखिडक्या सताड उघड्या ठेवता येतात. लोखंडी तार त्या दमट, खाऱ्या हवेत टिकेना, म्हणून शक्य तितके कमी लोखंड असलेली तांब्याची जाळी वापरीत. इंचास १८ तारा, कारण पीतज्वराचा डास अंगाने लहान. दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी असत, जेणेकरून जाळीवर बाहेरून बसलेले डास दाराबरोबर आत न येता उडून जावेत. एवढ्यावरही भिस्त न ठेवता कामगारांच्या बराकींतून रोज एक माणूस क्लोरोफॉर्मची काचनळी घेऊन फिरे आणि भिंतीवर बसलेले डास एकेक करून टिपी.

मात्र हे संरक्षण सर्वांना सारखे नव्हते. कालव्याच्या पगारपत्रकात गोरे अमेरिकन कसबी लोक सोन्याच्या नाण्यांत वेतन घेत व वेस्ट इंडीजमधून आलेले काळे मजूर चांदीच्या. घरेही त्याच वर्गवारीने मिळत. पहिल्यांना जाळीच्या पडव्या. दुसऱ्यांपैकी बहुसंख्य भाड्याच्या खोल्यांत किंवा रानातील झोपड्यांत, जाळीच्या बंदोबस्ताबाहेर. कालव्याच्या कीर्तीबरोबर ही बाबही नमूद झालीच पाहिजे.

आपल्याकडे जाळीची दारे आली ती मुख्यतः रेल्वेच्या, लष्कराच्या आणि सरकारी विश्रामगृहांच्या इमारतींतून. असल्या जुन्या बंगल्याची पडवी जवळून पाहिली तर जाळी कशी निकामी होते ते चटकन ध्यानात येते. ती मध्यभागी सहसा फाटत नाही. दाराच्या मुठीलगत, जेथे माणसे घाईने तळव्याने ढकलतात, तेथे तिला आधी फुगवटा येतो. खालच्या कोपऱ्यात, जेथे मुलांचे पाय लागतात, तेथे पट्टीखालून तारा निसटतात. आणि छपराच्या कौलांखाली वाशांमधली जी फट सुताराने मुळातच बुजविली नाही, तेथून तर फाटण्याचीही गरज नसते. दाराची स्प्रिंग सैल झाली की ते बोटभर उघडे राहते, आणि बोटभर फट म्हणजे डासाला महाद्वार. कोकणकिनाऱ्यावर खारा वारा लोखंडी जाळीस काही पावसाळ्यांतच पोखरतो. तेथे तांब्याची, किंवा आता मिळते ती काचतंतूची वा नायलॉनची जाळी बरी. धूळ व कोळिष्टके साचली की भोके बुजतात, वारा अडतो, आणि घरातील माणसे कंटाळून दार उघडे टाकतात. म्हणून मऊ कुंचल्याने व साध्या पाण्याने ती वरचेवर धुवावी, आणि लहान भोकाला त्याच विणीच्या जाळीचे ठिगळ त्याच दिवशी द्यावे. पनामात हे काम पगारी माणसांकडे होते. घरात ते कोणा एकाच्या अंगावर नेमून दिले नाही तर होत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. मुंबई प्रांतात धारवाड व कारवार भागांत १९४६ पासून डॉ. विश्वनाथन यांनी गावोगाव फवारणी करून हिवताप हटविला, १९५३ मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला, आणि जाळीची कोणास आठवणही राहिली नाही. पुढे डास त्या औषधास सरावले. १९७६ साली देशात हिवतापाचे रोगी ६४ लाखांवर गेले. मग जाळी परत आली, ती आता मुंबई-पुण्याच्या सदनिकांच्या गच्च्यांना आणि सज्जांना. पण डेंग्यूचा डास हा हॅव्हानाच्या पीतज्वराचाच डास असून तो दिवसाउजेडी चावतो, त्यामुळे ऑस्टियाच्या झोपडीतील सूर्यास्त-सूर्योदयाचा नियम त्याला लागू पडत नाही. जाळीचे दार दिवसभर लावलेले हवे. शिवाय तो माणसाच्या घरातील स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. सज्जाला उत्तम जाळी बसवून आत तुळस, मोगरा, मनीप्लँट यांच्या कुंड्या मांडल्या व कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी तसेच राहू दिले, तर अँकॉनच्या वाट्यांत जे घडत होते तेच जाळीच्या आत घडते, आणि बाहेर जाण्याची वाट आपणच बंद केलेली असते. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा, वार ठरवून, त्या ताटल्या रिकाम्या कराव्यात आणि काठावर चिकटलेली अंडी निघावीत म्हणून काथ्याने घासून कोरड्या कराव्यात.