‘पिल्लाला जिंकू देऊ नका’ : एका नियमाची उलटतपासणी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे मामा पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेत. त्यांच्या ओळखीच्या एका प्रशिक्षकाचं जर्मन शेफर्डचं पिल्लू काही दिवस त्यांच्याकडे होतं, वय साडेचार महिने. मी सुट्टीत गेले होते आणि जुन्या टॉवेलची पट्टी घेऊन त्याच्याशी रस्सीखेच खेळत बसले होते. मामा ओसरीवरून म्हणाले, "खेळ, पण त्याला जिंकू देऊ नकोस हं. एकदा जिंकलं की डोक्यावर बसतं." मग काय, मी जिंकायचंच ठरवलं. पिल्लू सोडेना, तेव्हा पट्टी वरच्या बाजूला हिसकली. पिल्लू केकाटलं. पट्टीवर रक्ताचा डाग होता.

इजा मोठी नव्हती. दुधाचा एक दात आधीच हलत होता, तो निघाला. मामांनी तोंड उघडून हिरडी पाहिली. तासाभरात पिल्लू पुन्हा शेपूट हलवत माझ्याकडे आलं. पण मला एक गोष्ट सलत राहिली. नियम मोडला म्हणून हे झालं नव्हतं, नियम पाळला म्हणून झालं होतं.

माझं पीएच.डी.चं काम प्राण्यांच्या प्रशिक्षणाविषयीच्या छापील साहित्यावर चाललंय. त्यामुळे हा नियम आला कुठून, हा प्रश्न पडणं साहजिकच होतं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधनाचा विषय शोधताय. प्रत्येक क्षेत्रात असे ‘सगळ्यांना माहीत असलेले’ नियम असतात. त्यांच्यामागे कसं जायचं, ते या एका उदाहरणावरून सांगते.

आधी वाक्य सोडवून घेऊ

"जिंकू देऊ नका, डोक्यावर बसतं" हे वाक्य एक दिसतं, पण त्यात तीन दावे आहेत. पहिला, रस्सीखेच ही कुत्र्याच्या दृष्टीने वरचढ कोण हे ठरवणारी लढाई असते. दुसरा, तिचा निकाल खेळ संपल्यावरही टिकतो आणि कुत्र्याचं वागणं बदलतो. तिसरा दावा उच्चारलेला नाही, पण तो आत आहेच : या खेळातला मुख्य धोका हाच. तिन्ही दाव्यांचे पुरावे वेगवेगळे लागतील आणि इतिहासही वेगळे निघतील. प्रस्ताव लिहिताना हे पहिलं काम करा. जोडवाक्य तसंच ठेवून वाचायला बसलात तर प्रत्येक पुस्तक तुम्हाला तुमच्याच बाजूचं वाटेल.

जर्मनी, १९१०

पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांच्या प्रशिक्षणाच्या इतिहासात एक नाव टाळता येत नाही, कोनराड मोस्ट. हा प्रशियाच्या पोलीस दलातला अधिकारी. १९०६ मध्ये सारब्रुकेन इथे त्याने सेवाश्वानांचं काम सुरू केलं आणि १९१० मध्ये त्याचं जर्मन पुस्तक आलं. इंग्रजी भाषांतर १९५४ चं. बक्षीस आणि शिक्षा नेमक्या कोणत्या क्षणी द्यायची, याचा विचार त्याने फार बारकाईने केला आहे, आणि तो भाग आजही वाचण्यासारखा आहे. पण माणूस आणि कुत्रा यांच्यातला दर्जा शारीरिक बळानेच ठरतो आणि त्यात माणसाचा विजय झालाच पाहिजे, हेही तो ठामपणे सांगतो.

इथे एक सावधगिरी. मोस्ट झगड्याविषयी बोलतोय, खेळाविषयी नाही. ‘माणूस हरता कामा नये’ हे वाक्य दोन्हीकडे सारखंच दिसतं, म्हणून आपण घाईने मोस्टला आपल्या नियमाचा जनक म्हणून टाकतो. वाक्य सारखं असणं आणि वंश एक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मोस्टकडून मिळते ती पार्श्वभूमी, एवढंच म्हणता येतं.

लांडगे मध्ये कसे आले?

दुसरा धागा प्राणिशास्त्राचा. रुडॉल्फ शेंकेल याने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ मध्ये निबंध लिहिला. एका कुंपणात कोंडलेले लांडगे, त्यांची आपसातली चढाओढ, आणि सर्वांत वरचं स्थान मिळवलेला नर व मादी असं चित्र त्यातून पुढे आलं. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १९७० च्या ग्रंथाने ‘अल्फा’ ही कल्पना दूरवर पोचवली. मग ती लांडग्यावरून कुत्र्यावर आणि कुत्र्यावरून घरातल्या दिवाणखान्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या साधूंचं कुत्रेपालनाचं पुस्तक १९७८ चं. ते खूप खपलं, आणि कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याची युक्ती त्यात होती. नंतरच्या आवृत्तीत त्यांनी तो सल्ला मागे घेतला. १९८० आणि ९० च्या दशकांत कुत्रा पाळणाऱ्यांना सर्रास सांगितलं जाई : रस्सीखेच खेळू नका, खेळलात तर जिंका आणि वस्तू तुमच्याकडे ठेवा.

दरम्यान मेक यांचंच मत बदललं. १९८६ पासून उन्हाळ्यांमध्ये ते कॅनडाच्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ राहून निरीक्षणं करत होते. तिथला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. १९९९ च्या लेखात त्यांनी ‘अल्फा’ हा शब्द अशा कळपाला लावणं दिशाभूल करणारं आहे असं लिहिलं. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकातल्या कल्पनेविरुद्ध उभं राहायला धैर्य लागतं. पण तोवर कल्पना लोकांच्या तोंडी बसली होती. आपल्याकडे कोणी परदेशी पुस्तक न वाचताही ती ओसरीपर्यंत आली, हे मी स्वतः ऐकलंय.

पुस्तकात एक, मैदानावर दुसरं

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. रक्षणाच्या कामासाठी तरुण कुत्रा तयार करताना सुरुवात गोणपाटाच्या फडक्याने करतात. समोरचा माणूस फडकं हलवतो, कुत्रा पकडतो, थोडी ओढाताण होते आणि माणूस मुद्दाम सोडून देतो. कुत्रा ते मिरवत नेतो. पुढे हाताला बांधलेली बाहीसुद्धा तशीच काढून दिली जाते. म्हणजे जिंकण्याची सवय लावणं हाच धड्याचा गाभा. वासावरून वस्तू शोधणाऱ्या कुत्र्यांनाही अनेक ठिकाणी टॉवेलची गुंडाळी किंवा चेंडू हेच बक्षीस असतं.

मी मामांना विचारलं, "नोकरीत असताना कुत्र्याने वास बरोबर काढला की काय करायचात?"

"टॉवेल द्यायचा. थोडं ओढायचं, मग सोडायचं. काय खूश होऊन फिरायचा तो!"

"म्हणजे जिंकू द्यायचात."

मामा जरा थांबले. "ते काम होतं गं. तो खेळ थोडाच?"

मुलाखती घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. "नियम काय?" विचारलं की लोक नियम सांगतात. "त्या दिवशी काय केलंत?" विचारलं की व्यवहार कळतो. मामा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे होते, आणि एवढी वर्षं कोणी दोन्ही एकदम उघडायला लावले नव्हते.

प्रयोगाने काय सांगितलं?

दुसऱ्या दाव्याची परीक्षा २००२ मध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी प्रसिद्ध केली. १४ गोल्डन रिट्रीव्हर. प्रत्येक कुत्र्याला एका टप्प्यात रस्सीखेच जिंकू दिली, दुसऱ्यात जिंकू दिली नाही. सुरुवातीला आणि प्रत्येक टप्प्यानंतर वागणुकीची तीच चाचणी. मांडणी किती साधी आहे बघा : तुलना कुत्र्या-कुत्र्यांत नाही, त्याच कुत्र्याशी आहे.

निकाल असा. खेळानंतर कुत्रे जास्त आज्ञाधारक आणि लक्ष देणारे झाले, जिंकले तरी आणि हरले तरी. जिंकल्यामुळे माणसावर वरचढ होण्याचा पुरावा मिळाला नाही. सर्वांत खेळकर कुत्रे जिंकल्यावर ‘अजून खेळ ना’ म्हणून जास्त मागे लागले, इतकंच. याच संशोधकांनी २००० मध्ये दाखवलं होतं की कुत्रा कुत्र्याशी खेळतो तसा माणसाशी खेळत नाही. माणसासमोर तो वस्तू अधिक सहज सोडतो आणि ती आणून पुढे धरतो.

पण मर्यादाही वाचा. १४ च कुत्रे, तेही एका शांत जातीचे. ‘हा खेळ आहे’ असे इशारे नसतील किंवा चुकीचे वाचले गेले तर परिणाम वेगळे होऊ शकतात, आणि थोड्या कुत्र्यांच्या बाबतीत निकालाला महत्त्व असूही शकेल, हे लेखकांनीच लिहिलंय. ‘विज्ञानाने सिद्ध केलं, खुशाल खेळा’ असं म्हणणारे हा परिच्छेद गाळतात. मग जुना नियम जाऊन त्याच जातीचा नवा नियम येतो.

रस्सीखेच मोजपट्टी म्हणूनही वापरली गेली. स्वीडनमध्ये विल्सन आणि सुंडग्रेन यांनी ६३० जर्मन शेफर्ड पिल्लांची आठव्या आठवड्यातली चाचणी मोठेपणीच्या कामगिरीशी ताडून पाहिली (१९९८). त्या वयातल्या चाचणीवरून पुढचा कामाचा कुत्रा ओळखता आला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांकडच्या १९९९ च्या अभ्यासात मात्र आठव्या आठवड्यात वस्तू आणून देण्याची चाचणी उपयोगी ठरली. दोघांपैकी एक खोटा, असं लगेच ठरवू नका. चाचण्या वेगळ्या, आणि ‘यशस्वी कुत्रा’ कोणाला म्हणायचं याची मोजदादही वेगळी.

जो प्रश्न मागे पडला

आता तिसरा दावा. ‘कोण जिंकलं?’ या वादात सगळे गुंतले आणि ‘ओढलं कसं?’ हे मागे राहिलं. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरडी दुखरी असते. तेव्हा फक्त मऊ फडकं, तेही हलकं धरू द्यायचं. रक्त दिसलं किंवा पिल्लू तोंड वळवू लागलं तर खेळ काही दिवस बंद.

एरवीही पट्टी पिल्लाच्या पाठीच्या रेषेत, खाली धरायची. वर उचलायचं नाही, लोंबकळवायचं नाही, हिसके द्यायचे नाहीत. मान आणि मणका अजून वाढत असतो. आपण स्थिर राहायचं, ओढू द्यायचं त्याला. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून माती किंवा सतरंजी बरी. पट्टी लांब हवी, म्हणजे दात हातापासून दूर राहतात. दात कातडीला लागले तर न ओरडता खेळ थांबवायचा. सोडवायचं असेल तर पट्टी मांडीशी निश्चल धरायची आणि खाऊ किंवा दुसरं खेळणं पुढे करायचं. तोंडातून खेचून काढायची नाही. अंग सैल असेल तर गुरगुरणं हा खेळाचाच भाग, पण अंग ताठ झालं, नजर रोखली गेली की थांबायचं. पिल्लाला अजून खेळायचं असतानाच खेळ संपवायचा आणि पट्टी उचलून ठेवायची, कारण सुटलेले धागे पोटात गेले तर आतडी अडकू शकतात.

यात दर्जा, अधिकार, अल्फा काहीच नाही. दात, हिरडी, मान, पाय एवढंच आहे. मामांना हे सगळं माहीत होतं. त्यांचे हात वर्षानुवर्षं असंच करत होते. पण शब्दांत सांगताना त्यांनी मला पट्टी कशी धरायची हे सांगितलं नाही, पुस्तकांतून झिरपत आलेला नियम सांगितला.

तुमच्या विषयातला असा एक नियम घ्या. त्यातले दावे सुटे करून कागदावर लिहा. प्रत्येकापुढे पहिला पुरावा कुठे सापडतो ते लिहा. तो जाणणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो ते जाऊन पाहा. आणि शेवटी, नियम चुकला तर दुखतं कोणाला, हेही लिहा. माझ्या वहीत त्या रकान्यात एका पिल्लाची हिरडी आहे.