दहा वर्षांची हमी, अकरा दिवसांचा मुक्काम

बडोद्याच्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "आंबेडकरांना परदेशी शिकायला पाठवलं ते आपल्या महाराजांनी." खरंच आहे ते, आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण त्या पैशाच्या कागदावर फेडीची अट काय होती आणि ती फेड का होऊ शकली नाही, हे आपण सहसा सांगत नाही. निम्मी गोष्ट सांगून थांबतो. म्हणून आज उरलेली निम्मी.

सुरुवात लहान रकमेची आहे. इंटरनंतर पुढे शिकायला पैसे नव्हते, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी तरुण भीमरावांची महाराजांशी गाठ घालून दिली आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत आले. लगेच वडिलांच्या आजारपणाची तार आली. २ फेब्रुवारीला सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी ४ जूनला संस्थानाबरोबर करारनामा झाला: अमेरिकेत तीन वर्षं शिक्षण, दरमहा ११.५० पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदे सरकारची नोकरी.

आपण याला शिष्यवृत्ती म्हणतो, पण दान नव्हतं हो ते. आजच्या भाषेत एज्युकेशन लोन, फक्त हप्ता रुपयांत नाही, आयुष्याच्या वर्षांत. आणि अट अन्यायाची होती असंही मला वाटत नाही. १९०६ पासून सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं, कलाभवन १८९० पासून चालू होतं. शिकलेली माणसं राज्याला हवीच होती. रयतेचा पैसा खर्चून तयार केलेला माणूस रयतेच्या कामाला यावा, इतका साधा हिशेब.

गेल्या वर्षी माझी भाची शिकायला कॅनडाला गेली. तिच्या कर्जाचे कागद वाचताना मला राहून राहून हा करार आठवत होता. तिच्या बाबांना सहकर्जदार केलं, घराचे कागद तारण घेतले, अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होतील असं लिहून दिलं. घेणाऱ्याने काय करायचं ते कलमवार. हप्ता फेडायला नोकरी लागते, नोकरीच्या गावात राहायला जागा लागते, ते मात्र कागदात कुठेच नसतं. ते गृहीतच धरलेलं असतं. बहुतेकांच्या बाबतीत ते चालूनही जातं.

तर भीमराव न्यूयॉर्कला गेले. त्या साडेअकरा पौंडांत स्वतःचं भागवून घरीही पैसे पाठवायचे आणि जुनी पुस्तकं विकत घ्यायची, दोन हजारांच्या आसपास जमली म्हणतात. १९१५ साली एम.ए., १९१६ मध्ये लंडन. १९१७ च्या जूनमध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. सामान वेगळ्या बोटीने निघालं होतं. युद्धाचे दिवस, ती बोट बुडवली गेली आणि पुस्तकं तळाला गेली. थॉमस कुक कंपनीने भरपाई दिली ६०० रुपये. त्यातलेच काही खर्चून ते बडोद्याला आले, करार पाळायला. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून कर्ज फेडायच्या नोकरीचं तिकीट!

सप्टेंबर १९१७. स्टेशनवर कोणीतरी घ्यायला जावं असा महाराजांचा हुकूम होता, पण कोणी गेलं नाही. महाराजांनी त्यांना सैन्य सचिव नेमलं होतं, पुढे अर्थखातं द्यायचं मनात होतं. कचेरीत शिपाई फाइली लांबून टेबलावर टाकत. प्यायच्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती.

आणि राहायला जागा नव्हती. हे सगळं आंबेडकरांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलंय. हिंदू हॉटेलात प्रवेश नाही म्हणून पारशांच्या धर्मशाळेत गेले. तिथे फक्त पारशीच राहू शकत. रखवालदाराकडे गिऱ्हाईक नव्हतं, त्यालाही दोन पैसे हवे होते, म्हणून नोंदवहीत पारशी नाव घालून दिवसाला दीड रुपयावर जागा मिळाली. वरच्या मजल्यावर लहानशी खोली, बाकी सगळा मजला मोडक्या खुर्च्या, फळ्या, बाकांनी भरलेला. विजेचा दिवा नाही. रात्री एका कंदिलावर वाचत बसायचं, सोबतीला वटवाघळं. मुंबईहून सामान घेऊन आलेला भाचा मामाची ही अवस्था बघून इतका मोठ्याने रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावं लागलं.

सरकारी बंगल्यासाठी अर्ज दिलेला होता. दिवाणांना त्याची फारशी घाई वाटली नाही आणि अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. धर्मशाळा बाटवली म्हणाले. आठ दिवसांची मुदत मागितली, मिळाली नाही. संध्याकाळच्या आत निघ.

दोन मित्रांना विचारून पाहिलं. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोचं कारण पुढे केलं. मुंबईची गाडी रात्री ९ ला होती. मधले पाच तास काढले कमाटीबागेत. आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी जिथे भेळ खाल्ली त्याच कमाटीबागेत. आज त्या जागी संकल्पभूमी म्हणून लोक येतात.

एवढ्यावर संपत नाही. केळूसकर गुरुजींनी पुन्हा खटपट केली. बडोद्यातल्या एका प्राध्यापकांकडे पैसे देऊन राहायची व्यवस्था लावली. आंबेडकर परत आले, तर स्टेशनवरच चिठ्ठी हातात पडली: बायको तयार नाही. तिथूनच माघारी.

इथे मी जरा घरचं बोलतो. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात माडीवरच्या दोन खोल्या पणजोबांच्या काळापासून भाड्याने असत. आजी सांगायची, भाडेकरूला पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा जात कोणती. दुसऱ्याचं उत्तर मनासारखं आलं की भाड्याची बोलणी. रावपुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात काही वेगळं नव्हतं. कोलंबियाची एम.ए., महाराजांची नेमणूक, पगारी नोकरी, आगाऊ भाडं द्यायची तयारी, यातलं काहीही सांगितलं असतं तरी आमच्या माडीचा जिना त्या माणसाला चढता आला नसता. "आपल्या महाराजांनी पाठवलं" म्हणणारी घरं ती हीच. महाराजांनी पैसा दिला, त्याची फेड व्हायला एक खोली लागत होती, आणि ती महाराजांच्या नव्हे, आपल्या हातात होती. करारावर सही एकट्या भीमरावांची असली तरी तो मोडला गेला त्यात या शहराचाही वाटा आहे.

पुढे मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, शेअरबाजाराचा सल्ला देण्याचा धंदा काढला, पण जात कळल्यावर गिऱ्हाइकं गेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. त्यातून पै-पै साठवली, कारण लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. घर रमाबाईंनी कसं चालवलं असेल ते त्याच जाणोत. १९२० साली ते पुन्हा निघाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दीड हजार दिले, आणि ५,००० रुपये उसने दिले नवल भथेना या मित्राने. पारशीच, बरं का. ज्या समाजातले बारा जण काठ्या घेऊन जिन्यावर आले होते त्याच समाजातला.

या दुसऱ्या कर्जामागे दहा वर्षांचं बंधन नव्हतं, दिवाण नव्हते, फिरणारा अर्ज नव्हता. मित्राचा विश्वास होता. त्यावर लंडनला उपाशीपोटी अभ्यास झाला, बॅरिस्टरी झाली, रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध झाला. पैसे संपत आले तसे एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. वकिली सुरू करायची तर सनद काढायला हवी, आणि तिची फी भरायला हातात काही नव्हतं. तेही पैसे भथेनांनीच दिले.